औलीची खुर्ची

नाशिक,
४ जानेवारी १९९८

ती. दादास,
ज्योत्स्नाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र दिवाळीतच मिळालं आणि उत्तर संक्रांतीच्या तोंडावर जातंय, तेव्हा तू रागावायच्या आत मीच कान धरते. बालवाडीचं गॅदरिंग होतं. एवढ्या पोरांना ससे करायचं म्हणजे तेवढे कान शिवायचे, आणि ऐन वेळी दोन ससे स्टेजवरच झोपले. ते असो. आम्ही सगळे खुशाल. मखमलाबादला मोठ्या दिरांच्या मळ्यात गुलाब बरा आहे. थंडी अशी की सकाळी नळाला हात लावावासा वाटत नाही. तू जोशीमठात बर्फाचे रस्ते उकरतोस, तुला आमच्या थंडीचं हसू येईल.

पत्राला कारण आहे. मार्चमध्ये साधनाची बारावीची परीक्षा संपते. समाधानचं जहाजावरच्या ट्रेनिंगचं नक्की झालं, जूनमध्ये तो निघाला. साधनाही नर्सिंगला पुण्याला जायचं म्हणते. म्हणजे जूनपासून या घरात मी आणि हे. आणि यांचं तुला ठाऊकच आहे. स्कूटर घसरली त्याला आता तीन वर्षं होतील. गुडघा पुरता वाकत नाही, चालताना पाय जरा फेकला जातो, एवढंच. ओझरला कारखान्यात जातात, बसने परत येतात, आणि घरात शिरले की शिरले. सख्ख्या पुतणीच्या लग्नाला आले नाहीत. मांडवात सगळे चालीकडे बघतात म्हणे. मी म्हटलं, मांडवात लोक पंगत कधी बसते तिकडे बघत असतात. पण ऐकतील तर शपथ.

दादा, तुला स्पष्टच लिहिते, मला भीती वाटते. पोरं आहेत तोवर घराला आवाज आहे. ती गेल्यावर हा माणूस खिडकीशी बसून राहील आणि मी त्याच्याकडे बघत बसेन. म्हणून पोरं जायच्या आत एकदा चौघांनी कुठेतरी लांब जायचं, आणि यांना घेऊनच जायचं, असं मी मनाशी पक्कं केलंय.

आता कुठे, इथे घोडं अडलंय. समाधानला बर्फावरून घसरायचंय, स्की म्हणतात ते. मित्र मनालीला जाऊन आले म्हणून यालाही मनालीच पाहिजे. साधनालाही तेच करायचंय, पण भाड्याचा कोट घालून फोटो काढण्यापुरतं नको, नीट शिकायचंय. यांच्या खात्यातले गोटीराम कुफ्रीचं कौतुक सांगत असतात. काश्मीरचं नाव मी काढू देत नाही. वयात आलेली पोरं, एकाचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला, आणि यांची पाठ सगळ्यांकडे. तू त्या मुलखात राहतोस, तर तूच सांग. मार्चच्या शेवटी बर्फ कुठे टिकतो, आणि पोरंही रमतील नि हेही येतील अशी जागा कुठली?

सविता वहिनींना नमस्कार. उशीर मी केला, त्यात तुझ्या मायेचा काही दोष नाही, तेव्हा ती कमी करू नकोस.

तुझी,
ज्योत्स्ना


जोशीमठ,
१६ जानेवारी १९९८

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

कान धरल्याचं वाचलं. पत्रात धरलेला कान दिसत नाही, समोर येऊन धर, म्हणजे खरं.

तू विचारलंस म्हणून सांगतो, आणि या बाबतीत माझं ऐकायचं. कुफ्रीला मार्चच्या शेवटी बर्फ कमी नि चिखल जास्त. घोड्यावर बसवतात, फोटो काढतात, उतरवतात. गोटीरामांना तेवढं पुरलं असेल, साधनाला पुरणार नाही. मनाली चांगली, पण तोवर खालचा बर्फ वितळत आलेला असतो आणि वरचा घाट बंद. मग पोरं बाजारात फिरत बसतील आणि तू शाली बघत बसशील. तुझी चैन होईल, त्यांची नाही.

तुम्ही माझ्या डोक्यावर या. म्हणजे खरोखरच डोक्यावर, कारण औली आमच्या घराच्या बरोबर वर आहे. तिथला उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन लागत नाही आणि वरच्या अंगाला मार्च संपेपर्यंत बर्फ राहतो. सकाळी कडक असतो, दुपारी शिऱ्यासारखा मऊ होतो. म्हणून लवकर उठावं लागतं, हे समाधानला आधीच सांगून ठेव. शिकवणारे पक्के आहेत. लहान पोरांचे लाड करणारी ही जागा नव्हे, एकोणीस-सतराच्या पोरांना हाडं मोकळी करायला मात्र फार छान. तिथे बाजार नाही, त्यामुळे ती हरवायचीही नाहीत. वाईट तेही लिहितो. ऋषिकेशहून बस अख्खा दिवस खाते, वीज मनात आलं की जाते, आणि जेवणात राजमा-भात, राजमा-भात आणि परत राजमा.

ललितरावांच्या पायाची काळजी करू नकोस. वर खुर्ची आहे. त्यांना खुर्चीत बसवून वर नेतात आणि तसंच खाली आणून सोडतात. एक पाऊल टाकावं लागणार नाही.

सविता नागलीचे पापड आणि मनुके मागते आहे. तिचं माहेर सायखेड्याचं, मनुक्यांशिवाय तिला सण गोड लागत नाही. पोरांना आशीर्वाद. इकडची आठवण बर्फ वितळायच्या आत ठेवावी.

तुझा,
मनोजदादा


नाशिक,
२८ जानेवारी १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू रस्ते चांगले करत असशील, पण माझा होता तो रस्ता तू खणून ठेवलास.

झालं असं. तुझं पत्र आलं तेव्हा चौघंही चहाला होतो. मी म्हटलं मोठ्यानेच वाचावं. राजम्यापर्यंत सगळं झकास. समाधानने मनाली सोडली, साधनाने टाळ्या वाजवल्या, आणि हेसुद्धा उत्तरेकडच्या उताराचं ऐकून मान डोलावत होते. मग मी ती खुर्चीची ओळ वाचली.

दादा, खुर्चीत बसवून वर नेतात म्हटल्यावर आम्हा नाशिककरांच्या डोळ्यासमोर काय येणार? वणीचा गड. गेल्या चैत्रात आमच्या चुलत सासूबाई, फुलाबाई, त्यांना पायऱ्या चढवेनात म्हणून गडावर डोलीतून नेलं होतं. चौघांच्या खांद्यावर डोली, आणि आत फुलाबाई डोळे मिटून त्या चौघांना हळू चला म्हणून दरडावताहेत. घरादाराने पाहिलेलं आहे ते. यांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की अजून आपण फुलाबाई झालेलो नाही. तुम्ही तिघं जा, घराला कोणीतरी लागतंच.

तेवढ्यावर भागलं असतं, पण समाधानने विचारलं, बाबांच्या वजनाला चौघं पुरतील की सहा लागतील. साधना फिस्सकन हसली. आणि खोटं कशाला सांगू, मलाही हसू आलं. तेच नडलं. त्या दिवसापासून हे औलीचं नाव काढू देत नाहीत. पोरं म्हणतात आपण तिघं जाऊ. मी म्हटलं, तिघंच जायचं तर मग मी इथे आणि तुम्ही दोघं जा, कारण मला बर्फ बघायचा नाही, मला यांना घराबाहेर काढायचंय.

तर आता ती खुर्ची डोली आहे की काय आहे, ते तू यांनाच लिही. मलाही नीट समजलेलं नाही. गाठ तू मारलीस, तूच सोडव. रागाच्या भरात लिहिते आहे, पण तुझ्यावरचा जीव रागापेक्षा मोठा आहे, तेवढं धरून वाच.

तुझी,
ज्योत्स्ना


जोशीमठ,
८ फेब्रुवारी १९९८

श्री. ललितराव यांस,
मनोजचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

माझ्या एका ओळीने तुमच्या घरात काय झालं ते ज्योत्स्नेने कळवलं. चूक माझी. मी इथे रोज बघतो म्हणून मला वाटलं, खुर्ची म्हटलं की सगळ्यांना कळेल. सविता तर दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये. तिने फुलाबाईंना पाहिलेलं आहे.

डोली नाही, खांदेकरी नाहीत, कोणी कोणाला उचलत नाही. डोंगरावर लोखंडी खांब उभे आहेत. त्यांच्यावरून पोलादी दोर वर जातो आणि फिरून खाली येतो. दोराला खुर्च्या टांगलेल्या आहेत, आणि तो दोर थांबत नाही. आपण ठरल्या जागी उभं राहायचं. खुर्ची मागून येते, गुडघ्यांच्या मागे बसते, आणि आपण तिच्यात बसतो. बसलो की निघालो, पाय लोंबकळत. यात म्हाताऱ्याकोताऱ्यांचा काही संबंध नाही. देशातले सगळ्यात धडधाकट पायवाले लोक हिच्यातून जातात, कारण पायाला लांब फळ्या बांधल्यावर डोंगर चढायची कोणाची टाप नाही. लष्करातले साहेबसुद्धा रांगेत उभे असतात.

उतरताना मात्र चपळाई लागते. खुर्चीतून निसटून बाजूला व्हायचं असतं, नाहीतर ती मागून ढकलते. मला दोनदा ढकललंय, एकदा सविताच्या देखत. म्हणजे फजिती होणारच नाही असं मी म्हणत नाही. फजिती सगळ्यांची होते, एवढंच खात्रीने सांगतो.

एक माझा स्वार्थ आहे. मी मातीचा माणूस, यंत्रातलं मला कळत नाही. तो दोर इतक्या खांबांवरून फिरतो, वाऱ्यात हलतो, तरी चाकांवरून घसरत कसा नाही, हे मला आजवर उमगलेलं नाही. विचारलं तर इथले लोक गढवाली हिंदीत असं सांगतात की होतं तेही कळेनासं होतं. तुम्ही एकदा बघून मला मराठीत सांगितलंत तर बरं होईल. येणं न येणं तुमच्यावर. माझ्या शब्दांचा राग असेल तर तो माझ्यावर काढा, डोंगराने काही केलेलं नाही.

आपला,
मनोज


नाशिक,
२१ फेब्रुवारी १९९८

ती. मामास,
साधनाचा सा. न. वि. वि.

मामा, पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा सुरू होते आणि मी पत्र लिहिते आहे. आईला हे कळवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

तुझं पत्र लागू पडलं, पण अर्धंच. ऐक. बाबांनी ते वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. मग परत काढून वाचलं. मग कॅलेंडरचं जानेवारीचं पान फाडून त्याच्या मागे खांब काढले, दोर काढला, चाकं काढली. समाधानदादा बघायला गेला आणि म्हणाला की खुर्ची वाऱ्याने हेलकावे खाणार. बाबा म्हणाले एवढी नाही खाणार. झालं. आईच्या शिवणयंत्राच्या खणातली सगळी रिळं बाहेर आली. खिडकीच्या गजापासून फ्रिजच्या हँडलपर्यंत सुतळी, मध्ये रिळांची चाकं, आणि खुर्ची म्हणून काडेपेटी. काडेपेटीत दादाने मीठ भरलं, म्हणजे माणसाचं वजन. मीठ सांडलं. आई ओरडली. कोणी ऐकलं नाही. बाबा त्या सुतळीखाली वाकून वाकून घरभर फिरत होते. मामा, गेल्या तीन वर्षांत मी त्यांना घरात इतकं चाललेलं पाहिलं नव्हतं.

अर्धंच का, तर ते अजून हो म्हणालेले नाहीत. आईने तिकिटांचा विषय काढला की बघू म्हणतात आणि कपाळाला आठ्या. तेव्हा तू त्यांना येता का असं मुळीच विचारू नकोस. फक्त चाकांबद्दल लिही.

आम्ही लवकर का निघत नाही असं तू आईला विचारलं होतंस. माझा शेवटचा पेपर एक कारण आणि दादाची रंगपंचमी दुसरं. यंदा जहाजावर जायच्या आधी त्याला रहाडीत उडी मारायचीच आहे. रंगाच्या पाण्याने भरलेला तो हौद सोडून बर्फाकडे तो बघणार नाही म्हणतो. म्हणजे आम्ही रंगपंचमीनंतर, पेपर संपला की त्याच संध्याकाळी. तोपर्यंत बर्फाला थांबायला सांग.

सोबत बाबांचं पत्र आहे. पाकिटात टाकायला माझ्याकडे दिलं आणि वाचू नको म्हणाले, म्हणून मी वाचलं. मामीला सांग, पापड मी स्वतः लाटलेत, वेडेवाकडे आहेत, पण मामीवरच्या प्रेमाने लाटलेत. तुझी लाडकी असल्याचं विसरू नकोस.

साधना


नाशिक,
२१ फेब्रुवारी १९९८

ती. मनोजदादांस,
ललितचा नमस्कार, वि. वि.

मला पत्रं लिहिता येत नाहीत, हे आपण जाणताच. आपलं पत्र पोचलं. राग नाही. थोडा होता, तो गेला.

काही गोष्टी विचारायच्या आहेत. दोर जाड किती आहे, मनगटाएवढा की अंगठ्याएवढा? मोटर वर आहे की खाली? दोराचा जोड कुठे दिसतो का? खांबावर चाकं एका ओळीत किती आहेत? वीज गेली तर खुर्चीतली माणसं उतरवण्याची काय सोय आहे? वीज जाते असं आपणच लिहिलं आहे, म्हणून विचारतो.

आणखी एक. उतरताना चपळाई लागते असं आपण लिहिलं. समजा एखाद्याचा एक पाय गुडघ्यात वाकत नसेल, तर त्याला उतरता येईल का? हा प्रश्न असाच विचारला आहे, कोणा एका माणसाविषयी नाही.

उत्तर लवकर द्यावं. तिकिटं काढायची झाली तर वेळेत काढावी लागतील. आपला लोभ आहे, तो मला बोलून दाखवता येत नाही, पण कळतो.

ललित


जोशीमठ,
३ मार्च १९९८

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

ललितरावांच्या प्रश्नांची उत्तरं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत, ती त्यांना दे. दोर बघायला मी मुद्दाम वर जाऊन आलो. मोटरवरच्या माणसाने मला विचारलं की अचानक एवढी चौकशी कशासाठी. मी सांगितलं, नाशिकहून तपासणीला माणूस येतोय. आता बिचारा रोज चाकं पुसतो.

शेवटचा प्रश्न मी शिकवणाऱ्या उस्तादाला विचारला. कोणा एका माणसाविषयी नाही असंही सांगितलं. तो म्हणाला की त्या कोणा एका माणसाला घेऊन या, दोर हळू करता येतो, आणि हातही धरता येतो.

एक वाईट बातमी. बद्रीनाथच्या रस्त्यावरचा बर्फ काढायला आमची तुकडी तुम्ही यायच्या आधीच वर जाते आहे. तुमच्या वेळी मी बहुधा तिथेच असेन. त्या कारणाने बेत मोडलात तर याद राख. सविता आहे, घर आहे, स्टोव्ह नवा घेतलाय. ड्रायव्हर आठवड्यातून एकदा खाली येतो, त्याच्याबरोबर मला काय काय झालं ते सगळं लिहून पाठवायचं. मी वाट बघतोय आणि बघत राहणार, हेच माझं लोभ असावा.

दादा


जोशीमठ,
२६ मार्च १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याच घरात, तुझ्याच टेबलाशी बसून तुला पत्र लिहिते आहे आणि तू नाहीस. वहिनी शेजारी मनुके निवडताहेत आणि मी काय लिहिते ते वाकून बघताहेत. त्यांना सांगितलंय की तुमचीच चुगली करते आहे.

आम्ही आलो, चौघंही आलो. तिकिटं यांनीच काढली आणि मला दोन दिवसांनी सांगितलं, जसं काही दूध आणलंय. बसने खरोखर दिवस खाल्ला. समाधान, जो समुद्रावर जाणार आहे, त्याला वळणांनी उलट्या झाल्या आणि साधनाने त्याला जहाजाच्या कप्तानाला भोवळ आली म्हणून वाटभर छळलं.

तू म्हणालास ते शब्द न् शब्द खरं निघालं. आता उद्याचा एकच दिवस राहिला, तरी पोरांचं मन भरत नाही. समाधानला वाटलं होतं उडी मारली की झालं. पहिल्या दिवशी त्याने सगळा बर्फ बसून बसून मोजला. साधना मात्र गुपचूप, उस्ताद सांगेल तसं, हळूहळू करत गेली आणि आता त्याच्या बाजूने सर्रकन जाते. दोघं संध्याकाळी एकमेकांच्या पायाला तेल चोळतात. मोठी झाल्यापासून ही दोघं इतका वेळ न भांडता एकत्र बसलेली मी पाहिली नव्हती.

आता यांचं. पहिल्या दिवशी वर आले आणि मोटरखोलीपाशी बाकावर बसले, पायावर घोंगडी. म्हटलं नाशिकची खिडकी इथे आली. पण तुझा तो चाकं पुसणारा माणूस त्यांना साहेब साहेब करत आत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बाकावर घोंगडीच होती, हे नव्हते. वर बघते तर खुर्चीतून निघालेले. मला हात करायचंही यांना भान नव्हतं, मान वर करून चाकं बघत होते. उतरताना खुर्चीने ढकललं आणि सपशेल पडले. मी धावत सुटणार होते, पण मागच्या खुर्चीतला मिशाळ कर्नल त्यांच्याच अंगावर पडला. दोघं एकमेकांना धरून उठले आणि तिथेच उभ्या उभ्या गप्पा मारायला लागले.

आज सकाळी उस्तादाने त्यांना बूट आणि फळ्या बांधल्या. गुडघे वाकवा म्हणाला. यांनी सांगितलं, एकच वाकतो. मग ते एकाच बाजूला वळतात. डावीकडे, डावीकडे, परत डावीकडे, घाण्याच्या बैलासारखे गोल. समाधान बर्फात लोळून हसला आणि हे रागावले नाहीत. त्यांनी त्याला बजावलं की मी तरी वळतो, तुला तेही जमत नाही. आणि आता मागणं काय, तर वहिनींना चालत असेल तर अजून दोन दिवस राहू.

दुपारी मी थर्मास घेऊन खाली थांबले होते. सगळे सुटले होते, फळ्या खांद्यावर टाकून चहाकडे येत होते. घरी यांची बस आली की मी गॅलरीतून लांबूनच चालीवरून यांना ओळखते आणि चहा टाकते. तशीच इथे शोधायला लागले, आणि हे दिसेनात. दादा, त्या बुटांचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. पोटरीपर्यंत कडक प्लास्टिक, घोटा म्हणून हलत नाही. तो कर्नल, दिल्लीच्या कॉलेजच्या मुली, आमची दोन्ही पोरं, झाडून सगळे एक एक पाय फेकत चाललेले. अख्खं मैदान यांच्यासारखं चालत होतं. मी घाबरले. एक जण अगदी जवळून चालला होता, टोपी कपाळापर्यंत, काळा चष्मा, मिशांना बर्फ. त्याला मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं की नाशिकचे एक गृहस्थ पाहिलेत का, जरा लंगडत चालतात.

त्याने आजूबाजूला सगळ्यांवर नजर फिरवली आणि मला मराठीत विचारलं की यातले नेमके कोणते?

तुझी,
ज्योत्स्ना